कलम सात

सभासद बावीस. वर्गणी भरलेले चौदा.
चिटणीस मीच आणि खजिनदारही मीच,
कारण आधीच्या खजिनदारबाई लग्न करून आयर्लंडला गेल्या
आणि जाताना किल्ली माझ्या हातावर ठेवून गेल्या:
सामूहिक शेतीच्या काळातल्या डुकरांच्या शेडची.
निम्मं छप्पर उडालेलं,
भिंतीवर अजून फिकट निळ्या अक्षरांत: हात धुवा.
भाडं वर्षाला दोनशे युरो,
शिवाय स्कैद्रीतेबाईंची बदकं घाबरता कामा नयेत.
बदकं घाबरतातच.
ते दहा युरो वेगळे, 'किरकोळ' खाली.

आमच्या खेळात पंच नसतो.
छर्रा वाटाण्याएवढा, पांढरा,
रंग सोडत नाही, डाग ठेवत नाही.
कोण मेलं ते फक्त मेलेल्याला ठाऊक.
त्यानेच हात वर करायचा, 'लागलं' म्हणायचं,
लाल फडकं डोक्यावर टाकून
शेकोटीपाशी येऊन चहा प्यायचा.
छापील नियम सतरा आहेत.
खरा हा एकच.

म्हणून नोव्हेंबरच्या सभेत विषय क्रमांक चार: मोद्रिस.
वय अठ्ठावन्न, पूर्वी आरागिरणीत.
मोद्रिसला लागतच नाही.
पाच पावलांवरून गोळी घाला, चालत राहतो,
बर्चच्या झाडांतून, सरपण आणायला निघाल्यासारखा.
'लबाड' हा शब्द इल्ग्वार्सने वापरला.
इल्ग्वार्स अध्यक्ष, दातांच्या कवळ्या बनवतो,
खोटं काय असतं ते त्याला बारकाईने कळतं.
मी लिहून घेतलं: सभासदत्व रद्द करावे.
अनुमोदन मागितलं.

मोद्रिस उठला. जाकीट काढलं. मग स्वेटर. मग सदरा.
शेडमध्ये उणे तीन.
पाठ आमच्याकडे केली.
पाठभर गोल गोल वण,
काही ताजे लाल, काही पिवळे पडलेले.
म्हणाला, मोजा.
मला दिसत नाहीत, कळतही नाहीत.
ओंडका पडला त्या वर्षापासून
ही सगळी कातडी मुकी आहे.
आधी वेल्ता मोजायची, रात्री, दिव्याखाली.

तेव्हा मला ते फोन आठवले.
रविवारी रात्री दहाला:
'आज तू मला तीनदा मारलंस. माफ कर, चालत राहिलो.'
आम्ही हसायचो. म्हातारा गमत्या आहे, म्हणायचो.
एप्रिलपासून फोन आले नव्हते.
वेल्ताला मार्चमध्ये पोचवून आलो होतो आम्ही,
क्लबतर्फे पुष्पचक्र, बावीस युरो,
पावती फाइलमध्ये आहे.

कुणीच बोललं नाही. चहा उकळून उतू गेला.
मग राइतिस, सोळा वर्षांचा,
बापाच्या सहीवर खेळणारा,
म्हणाला, मग आपण सांगू ना त्याला.
शत्रूने सांगायचं? इल्ग्वार्सने विचारलं.
शत्रूनेच तर मारलं असतं, राइतिस म्हणाला.

कलम सात, दुरुस्ती:
ज्याला लागलेले कळत नाही
त्याला मारणाऱ्याने जवळ जाऊन सांगावे.
बाजूने अकरा. विरोधी नाही.
अध्यक्ष तटस्थ. नंतर त्यांनीच सदरा उचलून दिला,
उलटा होता तो सुलट करून.

परवाच्या रविवारी पाहिलं:
राइतिसने झुडपातून नेम धरला, मारलं,
आणि आडोसा सोडून उघड्यावर पळत आला.
मोद्रिसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, लागलं, काका.
तेवढ्यात त्याच्याच कानशिलावर बसली एक.
'आई गं' म्हणून वाकला.
मोद्रिस खाली बसून विचारत होता,
लागलं का? बघू. लागलं का रे?

दोघं लाल फडकी टाकून आले, चहा घेतला.
बदकांनी आकांत मांडला होता.
मोद्रिसची वर्गणी अजून यायची आहे.
आठवण करायला फोन करणार आहे,
रात्री दहाला.